दुपारी बंद असणारे वाचनालय : सिडकोतल्या एका ग्रंथालयाच्या आराखड्याचे प्रकरण

हे प्रकरण नवीन नाशिकमधल्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या सिडकोतल्या, एका मान्यताप्राप्त 'ब' वर्ग वाचनालयाचे आहे. वाचनालयाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. ग्रंथालयशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे वाचनालयाचे पुढे काय करायचे याचा आराखडा करणाऱ्या समितीत मी निमंत्रित म्हणून बसत होतो. वस्तीतल्या छोट्या वाचनालयांपुढे हाच पेच आज ना उद्या येणार आहे, म्हणून कुठल्या क्षणी काय ठरले आणि का, ते लिहून ठेवतो.

पार्श्वभूमी

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीला आलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने इथे सहा योजनांत घरे बांधली. त्यातल्या एका योजनेत ऐंशीच्या दशकात काही कामगारांनी घरोघरी फिरून पुस्तके जमवली आणि वाचनालय सुरू केले. पुढे एका सार्वजनिक इमारतीचा पहिला मजला नाममात्र भाड्याने मिळाला. पुढे मोठी खोली, मागे लहान खोली, मध्ये लोखंडी कपाटे. उघडण्याची वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. ही वेळ कारखान्याच्या पाळ्या बघून ठरवलेली होती. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी यायचा, दुसऱ्या पाळीचा सकाळी. त्या काळाला ती अगदी योग्य होती.

नाशिकला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. सार्वजनिक वाचनालय, नाशिक ही संस्था १८४० पासूनची. पण सिडकोतल्या गुडघे दुखणाऱ्या आजींना किंवा पाचवीतल्या मुलाला एकट्याने शहराच्या मध्यवस्तीत जाऊन पुस्तक बदलून आणणे जमत नाही. जवळचे वाचनालय बंद पडले तर अशा वाचकाचे वाचनच बंद पडते. या प्रकरणात पणाला लागले होते ते हे.

पैशाचे गणित आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखालच्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची सोय आहे. आपल्या कायद्यात तसा उपकर नाही, म्हणून वस्ती कितीही वाढली तरी तिच्या घरपट्टीतला रुपया आपोआप वाचनालयाकडे येत नाही. अनुदानाचे दर २०१२ नंतर थेट २०२२ मध्ये वाढले, ६० टक्क्यांनी. जिल्हा किंवा तालुका ग्रंथालयाचा दर्जा नसलेल्या 'ब' वर्गाच्या वाचनालयाला १,९२,००० ऐवजी ३,०७,२०० रुपये वर्षाला मिळू लागले. त्यातले ढोबळमानाने निम्मे पगारावर धरले तर महिन्याला १२,८०० रुपये होतात, आणि ते ग्रंथपाल आणि शिपाई या दोघांत वाटायचे. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज, लेखापरीक्षण. त्या वाढीनंतरचे हे चित्र होते. ज्या ग्रंथपाल ताईंनी बावीस-तेवीस वर्षे हे वाचनालय सांभाळले, त्यांचा पगार कारखान्यातल्या कंत्राटी मदतनिसापेक्षाही कमी होता. वाचनालयाच्या भवितव्याच्या कुठल्याही चर्चेत हा आकडा पहिल्या पानावर असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अडचण

सभासद घटत होते. संस्थापक पिढी सत्तरीत गेली, त्यांची मुले पुण्याला किंवा गंगापूर रोडकडे राहायला गेली. संध्याकाळी वर्तमानपत्रे वाचणारे सात-आठ ज्येष्ठ आणि सकाळी जागा धरून बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले, एवढीच रोजची वर्दळ दिसे.

अशात एका खासगी अभ्यासिका चालवणाऱ्या गृहस्थांचा प्रस्ताव आला. दोन्ही खोल्या ते घेणार, वातानुकूलन बसवणार, चोवीस तास अभ्यासिका चालवणार. वाचनालयासाठी एका भिंतीची कपाटे राहतील आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल. ती रक्कम ताईंच्या आणि शिपाईदादांच्या एकत्रित पगारापेक्षा जास्त होती. अनुदानाचा हप्ता लांबला की पगार लांबतो, हे सोसलेल्या कार्यकारी मंडळाला हा प्रस्ताव लगेच नाकारता येण्यासारखा नव्हता. कार्यवाहांना सगळे नाना म्हणतात. ते बैठकीत म्हणाले, "पुस्तकं राहतील, पगार होतील, पोरं शिकतील. आपल्याला अजून काय पाहिजे?" प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हा प्रस्तावच. दुसरा, शहरातल्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला पुस्तके देऊन त्यांची शाखा म्हणून राहायचे. यात मान्यता आणि अनुदान दोन्ही गमावण्याचा धोका होता. शिवाय २०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या मान्यता बराच काळ थांबल्या होत्या, त्यामुळे एकदा सोडलेली मान्यता परत मिळेल अशी आशा कुणालाच नव्हती. हा पर्याय अर्ध्या तासात बाजूला पडला.

तिसरा पर्याय तरुण सभासदांचा होता : सगळे संगणकावर आणायचे, ई-पुस्तके द्यायची. ऐकायला चांगला, पण मराठीत ज्या पुस्तकांना रोज मागणी असते त्यातली बरीचशी वाचनालयाला कायदेशीरपणे देता येतील अशा ई-स्वरूपात मिळत नाहीत. संगणकीय सूची मात्र हवीच होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली विनामूल्य मिळत होती, तेव्हा खर्च फक्त संगणकाचा आणि माणसाच्या वेळेचा होता.

चौथा, पुस्तके लोकांपर्यंत न्यायची. याचे उदाहरण नाशिकातच होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांत पोहोचल्याचे मंडळातल्या दोघांनी स्वतः पाहिले होते. पाचवा पर्याय कुणी उच्चारला नाही, पण तोच सगळ्यात बळकट होता : काहीच करायचे नाही, हप्त्याची वाट बघायची.

पहिला निर्णय : आधी मोजायचे

मंडळ त्याच रात्री मतदान घेणार होते. ताईंनी एक साधी विनंती केली. महिनाभर थांबा, मी दारात वही ठेवते. येणाऱ्याने वेळ लिहायची आणि कशासाठी आलो ते लिहायचे. दार बंद असताना कुणी येऊन परत गेले तर खालचा झेरॉक्सवाला त्याची खूण करील. ही शेवटची सूचना मला फार मोलाची वाटते. एरवी आपण आलेल्यांना मोजतो, परत गेलेल्यांना कुणीच मोजत नाही.

शिवाय ताईंनी वर्गणी थकलेल्या जुन्या सभासदांना फोन केले. उत्तरे ऐकून मंडळ गप्प झाले. वाचन सुटले म्हणणारे थोडे निघाले. जिना चढवत नाही, हे कारण सगळ्यात जास्त वेळा आले. त्याखालोखाल : आम्हाला वेळ असतो तेव्हा तुम्ही बंद असता.

दारातल्या वहीनेही तेच दाखवले. परत गेलेल्यांच्या बहुतेक खुणा दुपारी बारा ते चारच्या होत्या आणि त्यात बायका जास्त होत्या. सकाळचा डबा, पाणी, मुलांची शाळा उरकल्यावर आणि मुले परत येण्याआधी मिळणारे दोन-तीन तास, एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा असतो. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या दोन्ही वेळा त्या स्वयंपाकघरात असतात. कारखान्याच्या पाळ्यांवरून ठरलेल्या वेळापत्रकात घरातली बाई कधी धरलीच गेली नव्हती, आणि चाळीस वर्षे कुणाच्या ते लक्षात आले नाही.

दुसरा निर्णय : प्रस्तावाला नकार

नकाराचे एक कारण कायदेशीर होते. जागा भाडेपट्ट्याची, ती तिसऱ्याला पोटभाड्याने देता येत नव्हती. मान्यताप्राप्त वाचनालय सर्वांना खुले असावे लागते आणि तपासणीत वाचनकक्ष, तास, सभासद, नियतकालिके सगळे पाहिले जाते. जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिली असती तर दर्जा धोक्यात आला असता.

पण केवळ एवढ्यावर नकार दिला असता तर तो टिकला नसता. कायद्यातून वाट काढू म्हणणारे मंडळात होते. निर्णय फिरला तो ताईंनी वहीतली दुसरी नोंद वाचून दाखवली तेव्हा. अभ्यासाला येणाऱ्यांत पोलीस भरतीची मुले बरीच होती. पहाटे मैदानावर धावून ती थेट इथे येत. घर दोन खोल्यांचे, घरात टीव्ही, लहान भावंडे. खासगी अभ्यासिकेची फी त्यांना परवडत नाही म्हणूनच ती इथे बसत होती. प्रस्ताव स्वीकारला असता तर अभ्यासिकेच्या नावाखाली सगळ्यात आधी हीच मुले बाहेर पडली असती. यावर नानांनी स्वतः प्रस्ताव मागे घेतला. त्यांचा मूळ प्रश्न पोरांच्या शिक्षणाचाच होता, त्यामुळे त्यांचे मन वळवावे लागले नाही.

तिसरा निर्णय : कपाटे रिकामी करणे

यावर सगळ्यात जास्त वाद झाला. दुपारी उघडायचे, मुलांसाठी कोपरा करायचा, अभ्यासाची टेबले मागच्या खोलीत न्यायची, तर जागा हवी. जागा कपाटांनी अडवलेली. दाखल नोंदवही आणि प्रत्यक्ष पुस्तके ताडून पाहिली तेव्हा काहीशे पुस्तके नोंदीत होती पण जागेवर नव्हती. जी होती त्यात अभ्यासक्रम बदलून गेलेले जुने मार्गदर्शक, पाने गळालेल्या कादंबऱ्या, एकाच पुस्तकाच्या पाच-पाच प्रती.

बाद करायला विरोध दोन बाजूंनी झाला. ज्येष्ठ म्हणाले, ही पुस्तके आम्ही पदरमोड करून आणली. त्यांच्या भावनेचा मान राखायला हवा होता. दुसरी अडचण नियमांतून आलेली : वर्ग टिकवायला ठरावीक ग्रंथसंख्या लागते. त्यामुळे छोटी वाचनालये निरुपयोगी पुस्तकही बाद करायला घाबरतात आणि कपाट भरलेले ठेवतात. वाचक मात्र त्या कपाटात हवे ते सापडत नाही म्हणून निघून जातो. माझ्या मते राज्यातल्या छोट्या ग्रंथालयांचे या एका भीतीने फार नुकसान झाले आहे.

समितीने मधला रस्ता काढला. आधी संख्या मोजली, किमान संख्येच्या वर किती पुस्तके आहेत ते पाहिले आणि तेवढ्याच मर्यादेत पहिल्या वर्षी बाद करायचे ठरवले. यादी, कार्यकारी मंडळाचा ठराव, नोंदवहीत शेरा, सगळे रीतसर. बाद करायच्या पुस्तकांची यादी दारात लावली आणि कुणालाही हरकत घ्यायला मुदत दिली. हरकती आल्या आणि त्यातल्या काही अगदी बरोबर होत्या. दिवाळी अंकांचे जुने बांधीव गठ्ठे यादीत गेले होते. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या परंपरेतले जुने अंक सहज परत मिळत नाहीत. ते वगळले आणि त्यांची वेगळी सूची केली. मेहनतीने पुस्तके जमवलेल्या माणसांना यादी वाचायला दिली, त्यामुळे वादाची जागा कामाने घेतली. त्यांतल्या दोघांनी पुढे पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे काम अंगावर घेतले.

प्रत्यक्ष काय केले

वेळ बदलली : सकाळी ८ ते १०, दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ६ ते ८. एकूण तास एकच वाढला, त्यामुळे आहे त्या माणसांत भागले. दुपारच्या पाळीला वर्गणीत सूट देऊन एका निवृत्त शिक्षिकेची मदत घेतली.

मागच्या खोलीत अभ्यासिका, फी खासगी अभ्यासिकेच्या निम्म्याहून कमी. त्या पैशाचा वेगळा हिशेब ठेवून तो फक्त पगारात भर घालायला वापरायचा, असा ठराव. पुढची खोली वाचकांची, तिथे परीक्षेची पुस्तके घेऊन बसायचे नाही. हा नियम कठोर वाटला, पण तो नसता तर सहा महिन्यांत पुढची खोलीही अभ्यासिका झाली असती.

मुलांची पुस्तके काचेच्या कपाटातून, कुलपातून, खालच्या उघड्या फळ्यांवर आली. पुस्तके हरवतील अशी भीती होती. काही हरवली, पण आधी कुलपात जी वर्षानुवर्षे कुणी उघडली नव्हती, त्यांच्या मानाने हे नुकसान मी सोसण्यासारखे मानतो.

जिना न चढवणाऱ्यांसाठी तीन सोसायट्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या, दर दोन महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल.

ई-ग्रंथालयमध्ये नोंदी सुरू झाल्या. इथे वेळ गेला तो लेखकांच्या नावांवर. एकच लेखक कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, कधी ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने तीन ठिकाणी नोंदला गेला. शेवटी ताईंनी हाताने नावांची एक प्रमाण यादी केली आणि ती संगणकाशेजारी चिकटवली.

काय झाले

पहिल्या दीड वर्षाचे बोलायचे तर दुपारची वेळ सगळ्यात यशस्वी ठरली. नव्या सभासदांत बायकांचा वाटा ठळकपणे वाढला आणि त्यांच्या मागोमाग मुले आली. पुस्तक खरेदीची मागणीही बदलली : पाककृती आणि कादंबऱ्यांच्या बरोबरीने मुलांच्या आजारांवरची, कायद्याची, गुंतवणुकीची पुस्तके मागितली जाऊ लागली. 'ब' वर्ग टिकला. अभ्यासिकेच्या फीमुळे हप्ता लांबला तरी पगार अर्धा का होईना वेळेवर होऊ लागला.

भांडणेही झाली. शनिवारी मुलांचा गोष्टींचा तास सुरू केला आणि मागच्या खोलीतून शांततेची मागणी आली. शनिवारी दुपारी अभ्यासिका बंद ठेवायची, असे ठरले. भरतीची जाहिरात निघते तेव्हा या निर्णयावर अजूनही ताण येतो.

तीन पेट्यांपैकी एक फसली. ती सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरात कुलपात राहिली, ते गावाला गेले की बंद. दुसऱ्या सोसायटीत पेटी वाहनतळावर वॉचमनच्या खुर्चीशेजारी होती, ती उत्तम चालली. वॉचमनदादा स्वतःच तिचे पहिले वाचक झाले.

वेगळे काय करता आले असते

ग्रंथपाल ताई आराखडा समितीच्या सदस्य नव्हत्या, त्यांना माहिती द्यायला बोलावले जात होते. सगळ्यात महत्त्वाची सूचना त्यांच्याकडून आली आणि ती महिना आधी येऊ शकली असती. ज्याच्या हातून देवघेव होते त्याला पहिल्या बैठकीपासून मताचा अधिकार असावा.

दारातली वही जूनमध्ये ठेवली. शाळा नुकत्या सुरू झालेल्या, पाऊस. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत चित्र वेगळे असते. तशाच आणखी दोन नोंदी घेतल्या असत्या तर मुलांच्या कोपऱ्याला मिळालेली जागा बहुधा दुप्पट झाली असती.

अभ्यासिकेची जागा एकाने किती काळ ठेवायची, हे सुरुवातीला लिहिले नव्हते. काही जागा दीड वर्ष त्याच मुलांकडे राहिल्या आणि बाहेर यादी वाढली. आता सहा महिन्यांनी फेरवाटप आहे, पण आधीपासून बसलेल्यांना ते सांगताना कटुता आली.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. फोन गेले ते जुन्या सभासदांना, वही भरली ती दारापर्यंत आलेल्यांनी. अंबडच्या कारखान्यांत काम करणारी उत्तर भारतातली शेकडो कुटुंबे याच वस्तीच्या कडेला भाड्याने राहतात. त्यांची मुले इथल्याच शाळांत मराठी शिकतात आणि घरी हिंदी बोलतात. त्यांना वाचनालय आहे हेच माहीत नाही आणि वाचनालयात त्यांच्यासाठी हिंदीत मुलांचे एक फडताळही नाही. समितीच्या कुठल्याही बैठकीत त्यांचा विषय निघाला नाही. यंदाच्या खरेदी यादीत हिंदी आणि द्विभाषिक बालपुस्तके घेतली आहेत, आणि फसलेल्या सोसायटीतली पेटी या कुटुंबांच्या वस्तीतल्या एका किराणा दुकानात ठेवायची बोलणी ताई करत आहेत. दुकानदार तयार आहे. पेटीला कुलूप नसावे, एवढीच ताईंची अट आहे.